आधी वरचं बूच

जीपच्या पोटाखाली पोतं टाकून उताणं झोपलं की आधी दिसते ती माती. तांबडी, वाळून पापुद्रे सुटलेली, मधेमधे उसाचं पाचट अडकलेली. नजर जरा स्थिरावली की त्या मातीतून आकार वर येऊ लागतात. मागच्या दोन चाकांच्या मधे भोपळ्यासारखा फुगलेला ओतीव लोखंडाचा गोळा, त्यातून पुढं निघालेली मनगटाहून जाड नळी, आणि त्या नळीच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखे लोखंडी सांधे.

माझा मामेभाऊ शेजारच्या पोत्यावर बॅटरी धरून पडला होता. म्हणाला, "अक्का, हे डिफरन्सल. गाडी बारा वर्सं झाली माझ्याकडं हाय. पण ह्याचं तोंड मी पयल्यांदा बघितलं ते तीन वर्सामागं."

मामाचं गाव कोल्हापूरहून गगनबावड्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आत आहे. तिथून पुढं करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात, आणि जिल्ह्यातला सगळ्यात दांडगा पाऊस त्याच पट्ट्यात पडतो. शेतावरची वाट दोन ओढे ओलांडून जाते. जून ते सप्टेंबर त्या वाटेवर ट्रॅक्टर जातो, नाहीतर भावाची ही उंच बॉनेटची, विलिस घराण्यातली सीजे थ्री बी जीप. अंकाचा विषय 'हात' आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मला आधी आठवली ती भावाच्या नखांत बसलेली काळी रेघ. शेती आणि दूध डेअरीचं काम सांभाळणाऱ्या या माणसानं चाळिशी उलटल्यावर गाडीचा खालचा अर्धा भाग शिकून घेतला. कसा, ते बघायला मी सप्टेंबरअखेरीस चार दिवस तिकडं जाऊन राहिले.

बिलात बदललेलं ऑइल

सुरुवात एका आवाजानं झाली. चाळीसच्या पुढं वेग गेला की मागून 'हूंऽऽ' असा बारीक सूर यायचा आणि ॲक्सिलरेटर सोडला की सूर बदलायचा. भावानं गाडी एका गॅरेजात दिली. संध्याकाळी परत आली, सोबत बिल आलं, बिलात 'डिफ. ऑइल पुढील-मागील बदलले' अशी ओळ होती. सूर मात्र तसाच. महिन्याभरानं तो वाढला, तेव्हा ओळखीतल्या कुणीतरी त्याला कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं पाठवलं. त्यांना सगळे वस्ताद म्हणतात. कोल्हापुरात हा शब्द तालमीत आणि गॅरेजात सारख्याच मानानं वापरला जातो.

वस्तादांनी गाडीला हात लावला नाही. भावाला पाना दिला आणि म्हणाले, "तुमीच खोला." खालचं बूच सुटलं आणि आतून ऑइलऐवजी गवळ्याच्या चहाच्या रंगाचा दाट रस गळला. पाणी शिरून ऑइल दुधाळ झालेलं होतं. त्याचा दाटपणा बघता तो निदान एका पावसाळ्याचा साठा होता. म्हणजे बिलातली ओळ खोटी होती. बूच कुणी फिरवलंच नव्हतं.

भाऊ आजही ते सांगताना चिडतो, आणि मला त्याची चीड रास्त वाटते. इंजिनाचं ऑइल बदललं की नाही ते दांडी काढून कुणालाही बघता येतं. डिफरन्शियलला दांडी नाही, डॅशबोर्डवर त्याचा दिवा नाही, काटा नाही. गाडीखाली शिरून बूच उघडल्याशिवाय आतलं काही कळत नाही, आणि गाडीखाली शिरतो तो गॅरेजवाला. मालकानं शिकायचं ठरवलं नाही तर त्याला कायम दुसऱ्याच्या शब्दावर राहावं लागतं.

जू आणि खळं

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या मुलीनं मला एक प्रयोग दाखवला. ती अकरावीला आहे. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून तिनं मागचा भाग जॅकनं उचलला आणि धुऱ्याखाली लोखंडी स्टँड सरकवले. मी हँडब्रेक ओढायला गेले, तर ती म्हणाली, "आत्या, त्यावर विसंबू नकोस. ह्या जीपचा हँडब्रेक चाकांना नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टला धरतो." ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या आणि मागच्या धुऱ्याकडं वाटणारी पेटी. विलिसच्या घराण्यातल्या जुन्या जीपची ही गोष्ट जीव वाचवणारी आहे. मागचं एकच चाक जॅकवर उचललं तर हँडब्रेक शाफ्टला घट्ट धरून ठेवतो, पण उचललेलं चाक मोकळेपणी उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक पुढं सरकतं. गाडी जॅकवरून घसरते. म्हणून दगड आधी, जॅक नंतर, आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. हे नियम त्या घरात कुणालाही माफ नाहीत.

गाडी गिअरमधे ठेवून तिनं डावं चाक पुढं फिरवलं. उजवं चाक आपोआप मागं फिरलं. मग गिअर काढून शाफ्टवर खडूची रेघ मारली, आणि आम्ही दोघींनी दोन्ही चाकं एकाच वेळी एक फेरी फिरवली. रेघ पाच वेळा पूर्ण फिरून गेली आणि सहाव्या फेरीला थोडी चालून थांबली. विलिसच्या या धुऱ्यात क्राउन व्हील या मोठ्या दातेरी चाकाला ४३ दात आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या टेल पिनियनला ८. भागाकार ५.३८ येतो. इंजिनाकडून आलेल्या पाच आणि थोड्या फेऱ्यांची इथं चाकाची एक फेरी होते, आणि वेग जितका घटतो तितका जोर वाढतो. पहिल्या गिअरचं प्रमाण २.८, ट्रान्सफर केसच्या 'लो'चं जवळपास अडीच. मूळ विलिस सीजे थ्री बीचे हे तिन्ही आकडे गुणले तर इंजिनाच्या सुमारे ३७ फेऱ्यांना चाकाची एक फेरी पडते. चिखलात ही गाडी माणसाच्या चालीनं, न थांबता वर चढते त्याचं कारण या गुणाकारात आहे.

डावं पुढं तर उजवं मागं, ही किमया मात्र वेगळी. ती समजायला मला मामानं मदत केली. ऐंशी पार केलेला मामा सोप्यात बसून आमचं ऐकत होता. म्हणाला, "मळणीला बैल बगितलास का कधी? मेढीजवळचा बैल जागच्या जागी वळतोय आणि कडंचा तेवढ्याच येळात दुप्पट चालतोय." गाडी वळते तेव्हा चाकांचं हेच होतं. आतलं चाक कमी अंतर चालतं, बाहेरचं जास्त. बैलगाडीला त्याची फिकीर नसते, कारण तिथं आख स्थिर आणि चाकाचा तुंबा त्यावर मोकळा फिरतो. पण इंजिनाचा जोर चाकात उतरवायचा म्हटलं की चाक धुऱ्याला बांधावं लागतं, आणि दोन्ही चाकं एकाच सरळ धुऱ्याला बांधली तर वळणावर एकाला फरफटत जावं लागतं. १८२०च्या दशकात ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीनं वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली. क्राउन व्हीलच्या पोटात छोटे दातेरी गोळे बसवायचे. उद्यमनगरात त्यांना स्टार म्हणतात. गाडी सरळ चालली की स्टार आपल्या जागी गप्प बसून दोन्ही चाकांना बरोबर घेऊन जातात. वळणावर ते स्वतःभोवती फिरतात आणि एका चाकाची कमी झालेली फेरी दुसऱ्याला देतात.

या सोयीची किंमत चिखलात चुकवावी लागते. तेही मामाच्याच भाषेत चांगलं सांगता येतं. जू मधोमध खिळीवर टेकलेलं असतं. दोन्ही बैलांनी सारखं ओढलं तर नांगर पुढं जातो. एक बैल बसला, तर दुसऱ्यानं कितीही जोर लावला तरी जू तिरकं फिरतं आणि नांगर जागचा हलत नाही. साध्या डिफरन्शियलचं वागणं तंतोतंत असंच आहे. ते दोन्ही चाकांना जोर सारखाच देतं, आणि किती द्यायचा ते कमजोर चाकावरून ठरतं. एक चाक चिखलात गरगर फिरू लागलं की त्याला लागणारा जोर नगण्य, म्हणून घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच नगण्य मिळतो. फोर व्हील ड्राइव्हची गाडी म्हणजे चारही चाकं ओढतात असा समज आहे. साधी डिफरन्शियलं असतील तर पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरलं की गाडी तिथंच बसते. २०१५च्या थारमधे मागच्या धुऱ्याला आपोआप बसणारं कुलूप आलं. दोन चाकांच्या वेगात ठरावीकापेक्षा जास्त फरक पडला की ते दोघांना एकत्र बांधतं. भावाच्या जीपला ते नाही. तो दोर, फळी आणि ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्याचा फोन नंबर जवळ ठेवतो.

डांबरावर अडकलेली दांडी

एक धडा त्याला बाजारच्या दिवशी मिळाला. शेतातून फोर व्हीलमधे निघालेली जीप तशीच डांबरी रस्त्यानं बाजारात आली. दोन-चार वळणं घेतल्यावर स्टिअरिंग जड झालं, गाडी अडखळू लागली, आणि फोर व्हीलची दांडी काही केल्या मागं येईना. त्यानं जोर लावला, लाथ मारली. शेवटी वस्तादांना फोन केला. वस्ताद म्हणाले, "दांडीला मारू नका. गाडी सरळ दहा-बारा फूट मागं घ्या, मग वडा." दांडी लोण्यासारखी आली.

या जीपमधे पुढच्या आणि मागच्या धुऱ्याच्या मधे डिफरन्शियल नसतं. फोर व्हील लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणून त्यांना जास्त फिरावं लागतं. माती असेल तर चाकं जरा घसरून हा हिशेब मिटवतात. कोरडं डांबर घसरू देत नाही. मग तो फरक शाफ्टात, दातांत, सांध्यांत पीळ होऊन साठत जातो आणि दांडीला आतून जखडतो. दोरीचा पीळ उलटा सोडवावा तशी गाडी मागं घेतली की तो उतरतो. हे न कळता दर आठवड्याला डांबरावर फोर व्हील चालवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची ट्रान्सफर केस आणि शाफ्टचे सांधे अकाली जातात आणि दोष कंपनीला मिळतो.

बोट, चुंबक, वास

ऑइल बदलायचं काम तिसऱ्या दिवशी होतं. आधी जीप चार किलोमीटर चालवून आणली. कोमट ऑइल पातळ होऊन गाळासकट खाली येतं, गार ऑइल आतल्या कडांना चिकटून राहतं. मग अंगणातल्या सपाट जागेत उभी केली, चाकांना दगड लावले. मी पाना घेऊन खालच्या बुचाशी गेले. भावानं हात धरला.

"आधी वरचं. वस्तादांचा पयला धडा ह्योच. भरायचं बूच सुटतंय का बगायचं. ते गंजून बसलं असंल आणि तू खालनं सगळं सोडून बसलीस, तर भरणार कुठनं? कोरडी गाडी हलवणार कशी?"

वरचं बूच खरंच बसलेलं होतं. वायर ब्रशनं माती काढून त्यावर गंज सुटायचं तेल मारलं, चहा घेतला, पुन्हा मारलं. तासाभरानं ते 'कर्रर्र' करत सुटलं. मगच खालचं. काळपट मधाच्या रंगाची धार पसरट पातेल्यात पडली आणि अंगणभर वास पसरला. मुलीनं सांगितलं, "फटाक्यासारखा येतो ना? गंधक असतं त्यात."

या वासामागं मोठं कारण आहे. क्राउन आणि पिनियनचे दात साध्या गिअरसारखे एकमेकांवर नुसते टेकत नाहीत. पिनियन क्राउनच्या मध्यापेक्षा खाली बसवलेला असतो, त्यामुळं दात एकमेकांवर दाबून घासत सरकतात. इतक्या दाबाखाली साधं तेल दातांमधून पिळून बाहेर निघतं. म्हणून त्यात गंधक आणि स्फुरदाची संयुगं घालतात. दाब आणि उष्णता वाढली की ती लोखंडावर एक अतिपातळ थर धरतात, आणि धातू धातूला लागत नाही. दुकानात हे ईपी ९० म्हणून मागायचं, उद्यमनगरात 'नव्वद नंबर' म्हणतात. डब्यावर जीएल-५ लिहिलेलं असलं पाहिजे. तेच ऑइल गिअरबॉक्समधे मात्र डोळे मिटून ओतू नये. तिथं पितळी रिंगा असतात, आणि तीव्र गंधकाचं ऑइल पितळ खातं. त्यासाठी जीएल-४. नव्या गाड्यांच्या साखळीवर चालणाऱ्या बऱ्याच ट्रान्सफर केसना तर गिअर ऑइल चालत नाही, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ लाल ऑइल लागतं. दुकानदार सगळीकडं एकच डबा चालेल म्हणाला तरी गाडीचं पुस्तक उघडून बघावं.

खालच्या बुचाला आतून चुंबक चिकटवलेलं होतं. भाऊ सगळ्यात जास्त वेळ त्याच्याकडं बघत बसला. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप होता. दोन बोटांत चोळला तर कणी लागत नव्हती. हा लेप दातांच्या रोजच्या झिजेचा, त्याची काळजी नाही. नखाएवढी कपची किंवा टोचणारा कण मिळाला तर दात तुटतोय किंवा बेअरिंग फुटतंय. दुधाळ रंग म्हणजे पाणी. जळका वास म्हणजे ऑइल कमी पडून आत तापलंय. गेल्या तीन वर्षांतला प्रत्येक लेप मुलीनं वहीत बोटानं फासून तारीख घालून ठेवला आहे. पहिल्या पानावरचा डाग खरखरीत आहे, मधे चमकणारे कण दिसतात. शेवटच्या पानावर नुसती राखाडी सावली.

नवं ऑइल वरच्या भोकातून भरायचं, भोकाच्या खालच्या काठाला लागून बाहेर येईपर्यंत. मागं-पुढं प्रत्येकी सव्वा लिटरच्या आसपास बसलं. मग करंगळी आत वाकवून पातळी बघायची. काठाशी ऑइल बोटाला लागलं पाहिजे. जास्त भरलं तर फायदा काही नाही, ते सील फोडून ब्रेकमधे उतरतं.

मग प्रश्न राहिला की पाणी शिरलंच कसं. सील बदललेली होती, बूच घट्ट होतं. याचं उत्तर धुऱ्याच्या माथ्यावरच्या सुपारीएवढ्या तुकड्यात होतं. त्याला ब्रीदर म्हणतात. गाडी चालते तशी धुऱ्यातली हवा तापते, फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर जाते. तापलेला धुरा ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढून घेते. ब्रीदर मातीनं बुजलेला असेल तर ती सीलच्या फटीतून पाणी ओढते, आणि मोकळा पण पाण्याखाली असेल तर थेट ब्रीदरमधून. भावानं दोन्ही ब्रीदर काढून तिथं रबरी नळ्या बसवल्या आणि त्यांची टोकं बॉनेटच्या उंचीला नेऊन बांधली. डिझेलच्या नळीचा तुकडा आणि दोन क्लिपा, एवढाच खर्च. त्या दिवसापासून ऑइल दुधाळ झालेलं नाही. ओढ्याकाठी दोन मिनिटं थांबून धुरा जरा गार होऊ द्यायची सवयही त्यानं लावून घेतली आहे. मी शिकले त्यात मला सगळ्यात मोलाची वाटली ती ही नळी.

जुनं ऑइल कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी लावायची गावात रीत आहे. वस्तादांना ती मान्य नाही, आणि मलाही नाही. विहीर तिथून चाळीस पावलांवर आहे. वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं. भाऊ ते कॅनमधे साठवून कोल्हापुरात परवानाधारक गोळा करणाऱ्याकडं देतो.

चिमणी

जीप हळू सुटते तेव्हा खालून चिमणीसारखा 'चिव चिव' आवाज आला, तर तो क्रॉस कोरडा पडल्याचा. प्रोपेलर शाफ्टच्या टोकांना जे अधिकचं चिन्ह दिसतं तोच क्रॉस. खड्ड्यात धुरा वरखाली होतो, इंजिन मात्र जागेवर राहतं. मधला शाफ्ट वाकड्या कोनातही फिरता राहावा ही कामगिरी या क्रॉसची. त्याच्या चार टोकांवर वाट्या असतात आणि वाट्यांत सुईएवढे रोलर. ग्रीस संपलं की या सुया घासून गंजतात आणि वाटीच्या कडेला विटकरी रंगाची पूड दिसू लागते. गाडी जागेवर दगड लावून, गिअर काढून शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून बघायचा. क्रॉसमधे 'टक्' लागलं तर तो गेला.

ग्रीस मारणं हे पोराटोरांनाही जमतं. निपलवरची माती पुसायची, गन लावायची आणि चारही वाट्यांतून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत मारत राहायचं. तीनच वाट्यांतून आलं तर चौथी अजून उपाशी आहे. क्रॉस बदलणं त्याहून जड, पण घरी होतं. व्हाइस, सॉकेटच्या दोन गोट्या, हातोडा आणि धीर लागतो. भावानं पहिल्यांदा बदलला तेव्हा वाटी शेवटचा दोरा आत जाईना. त्यानं हातोडा वाढवला. एक सुई आडवी पडली होती, ती वाटीच्या तळाशी चिरडली आणि नवा क्रॉस भंगारात गेला. दुसऱ्या खेपेला त्यानं सुया ग्रीसनं वाटीत चिकटवून बसवल्या.

शाफ्ट काढायच्या आधी जोडाच्या दोन्ही भागांवर रंगाची एक सरळ रेघ मारायची. दोन्ही टोकांचे काटे एकाच रेषेत नसले तर शाफ्ट फिरताना दर फेरीत वेगात कमी-जास्त होतो आणि सगळी गाडी थरथरते. एका ओळखीच्यांनी रेघ न मारता शाफ्ट जोडला आणि पुढचे सहा महिने चाकांचं बॅलन्सिंग करत फिरले.

शेंदूर

चौथ्या दिवशी आम्ही कोल्हापूरला वस्तादांकडं गेलो. उद्यमनगरात सकाळी दहाला सगळ्या लेथ एकदम सुरू होतात, त्या आवाजात बोलायचं तर कानाशी जावं लागतं. वस्तादांच्या बाकड्यावर एक क्राउन आणि टेल पिनियन उघडे ठेवलेले होते. त्यांनी क्राउनच्या चार-पाच दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावला, पिनियन हातानं फिरवला आणि मला दातांवरचा ठसा दाखवला. शेंदूर म्हणजे मुळात शिशाचं ऑक्साइड. जगभरच्या कारखान्यांत ठसा बघायला तो पूर्वापार वापरला गेला. शिसं विषारी म्हणून आता पिवळी, निळी पेस्ट येते. वस्ताद जुना डबा संपेपर्यंत वापरतात, पण हात साबणानं धुतल्याशिवाय चहाला शिवत नाहीत.

ठसा दाताच्या मधोमध, लांबट वर्तुळासारखा पडला पाहिजे. टोकाकडं सरकला तर क्राउन आत-बाहेर घ्यायचा, मुळाशी गेला तर पिनियनखालची शिम बदलायची. ही शिम म्हणजे कागदाएवढी पातळ धातूची चकती. दोन दातांमधली मोकळीक मिलीमीटरच्या छोट्याशा हिश्शाइतकी, ती डायल गेजवर मोजायची. एक शिम चुकली तर हजार किलोमीटरमधे नवा जोड रडू लागतो. भावानं विचारलं, "हे घरी शिकता येईल का?" वस्तादांनी गेज बाजूला ठेवलं.

"येईल. पण हे शिकायला धा जोड खराब करायला लागतील. माझे लोकांच्या गाड्यांवर झाले, तुमचे तुमच्या गाडीवर होतील. ऑइल, ग्रीस, सील, क्रॉस हे तुमचं. झाकण खोलून आत बगा, दात मोजा, कपची सापडली तर ती घिऊन माज्याकडं या. क्राउनला पाना लावू नका."

मला हे वाक्य ऐकताना दुसऱ्या महायुद्धातलं एक पुस्तक आठवलं. अमेरिकेनं त्या युद्धात सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. त्या चालवणारी पोरं बहुतेक शेतावरून आणि दुकानांतून आलेली. त्यांच्यासाठी लष्करानं १९४४ साली टीएम ९-८०३ नावाचं पुस्तक काढलं. कामाच्या पायऱ्या पाडल्या. पहिली पायरी चालकाची: बघणं, ऐकणं, पातळी तपासणं, वंगण. दुसरी तुकडीतल्या मेकॅनिकची. धुरे आणि ट्रान्सफर केस खोलून जुळवायचं काम त्या पुस्तकात नाही, ते वर्कशॉपसाठीच्या टीएम ९-१८०३बी या निराळ्या पुस्तकात घातलं. गाडीचा बहुतेक जीव पहिल्या पायरीवर वाचतो, हे त्यांना रणांगणावर कळलेलं होतं. ती पहिली पायरी शिकायला भावाला एक पावसाळा लागला. आपल्याकडं १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू झाली आणि तीच जीप पुढं खेडोपाडी पोचली, पण शेतकऱ्याच्या हातात देता येईल असं मराठी पुस्तक मला मामाच्या गावात एकाही जीपवाल्याकडं दिसलं नाही. जे आहे ते वस्तादांच्या तोंडी आहे, आणि आता थोडं एका अकरावीतल्या मुलीच्या वहीत.

ती वही मी परत येताना पूर्ण वाचली. बोटाच्या ठशांखेरीज तिच्यात सूर आहेत. 'जोर दिल्यावर हूं: क्राउन-पिनियन. सोडल्यावर हूं: पिनियन बेअरिंग बघ. कायम घरघर, वेगाबरोबर वाढते: चाकाचं बेअरिंग. गिअर टाकताना एकच टक्: क्रॉस किंवा दातांची मोकळीक. चिव चिव: ग्रीस.' शेवटी एक ओळ: 'महिन्यातून एकदा मातीवर दोन किलोमीटर फोर व्हील लावून चालवणे.'

तुमच्या दारात थार असो, जिप्सी असो नाहीतर वडापमधून निवृत्त झालेली जीप, एवढं या आठवड्यात करा. पावसाळा नुकताच संपला आहे आणि दिवाळीत गाड्या घाटांना लागतील. सपाट जागा बघा, चाकांना दगड लावा, गाडी गार होऊ द्या. भरायचं बूच उघडून करंगळी आत घाला. बोटाला लागलेलं ऑइल दुधाळ असेल, तर ते बदलेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.